न पाहिलेल्या गावांची कार्डं

"बाई, गोपाळकृष्ण मास्तरांचं घर ह्येच न्हवं?"

दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात जयपूरच्या हवामहलाचं रंगीत पोस्टकार्ड होतं, आणि त्यावरचं अक्षर चारूचं होतं! शरयूनं ते उंबऱ्यातूनच ओळखलं. पण धाकट्या बहिणीचं टपाल पोस्टमनऐवजी या अनोळखी माणसाच्या हातून का यावं?

"मी आकाराम, सांगलीचा ट्रक डायवर," तो म्हणाला. "चारूबाईंनी सांगितलं हुतं, जयपूरला गेलास की तिथल्या पेटीत टाक. पर ह्या खेपंला गाडी इंदुरातनंच माघारी फिरली. म्हनलं, पत्ता साताऱ्याचा हाय, वाटंवरच हाय, हातीच द्यावं!"

"चारू… तुम्हाला कुठं भेटली?"

"कुठं म्हंजी? सांगलीतच! आमच्या हळदीच्या वखारीत कामाला हायती न्हवं त्या. तीन वर्सं झाली की!"

शरयूनं कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. सांगलीत? वखारीत? मग उटी, श्रीनगर, रामेश्वर… नवऱ्याबरोबर चारूनं पाहिलेलं ते सारं जग?

आत बाबा झोपले होते. उशाशी ती वही होती, जिच्यात त्यांनी आठ वर्षांतली एकूण एक कार्डं डकवली होती. जन्मभर भूगोल शिकवलेल्या या मास्तरांना आता त्या कार्डांखेरीज दुसरं काही सुचत नसे. कार्ड आलं की नकाशा उघडायचा, भिंग घ्यायचं, त्या गावाची नदी, हवा, पिकं, इमारती यांची माहिती शोधून खाली लिहायची, आणि मग हटकून म्हणायचं, "चारूनं जग पाहिलं गं! नाहीतर तू… यवतेश्वराच्या डोंगरापलीकडं काही गेली नाहीस!"

शरयू मुकाट्यानं ऐकून घेई. सदुसष्ट साली भालचंद्र नावाच्या औषध कंपनीच्या फिरत्या विक्रेत्याचं स्थळ आलं होतं ते तिच्यासाठी. तो बघून गेला, आणि दोन आठवड्यांनी बाबांनी सांगितलं, मुलाला धाकटी पसंत आहे. नुकतीच आई गेलेली, चारू अल्लड… शरयूनं काळजावर दगड ठेवला, आईचं हिरवं लुगडं स्वतःच्या हातांनी चारूला नेसवलं आणि हसतमुखानं तिची पाठवणी केली! प्रत्येक कार्ड आलं की तिला वाटे, आपला त्याग सार्थकी लागला. आणि आज…!

दुसऱ्याच दिवशी, ती शिकवत होती त्या शाळेत रजा टाकून तिनं सांगलीची एसटी गाठली.

वखारीत दहा-बारा बायका हळकुंडं निवडत बसल्या होत्या. कोपरापर्यंत पिवळे झालेले हात, विटलेला पदर, गळ्यात नुसता काळा दोरा… ती चारू होती! तिनं मान वर केली, आणि हातातलं सूप खाली पडलं.

"ताई…!"

"हे काय गं चारू? हे काय बघतेय मी?"

"लग्नानंतर वर्षातच त्यांनी मला इथं खोली करून दिली आणि ते फिरतीवर राहिले. येताना कोरी कार्डं आणायचे. मी लिहायचे, आणि पुढच्या फेरीत ते टाकायचे. मग एकदा गेले ते आलेच नाहीत. बंगळुरात दुसरा संसार आहे त्यांचा. त्यानंतर हे ट्रकवाले भाऊच कार्डं आणतात, नेऊन टाकतात. मी वाचनालयात जाऊन त्या गावाचं सगळं वाचते, मगच लिहिते… बाबांना चूक लगेच कळते ना!"

"अगं, पण मला तरी कळवायचंस!"

"तुला?" चारू हुंदके देत म्हणाली. "तुझं सुख तू माझ्या ओटीत घातलंस ताई! ते मातीला मिळालं, हे कुठल्या तोंडानं सांगू तुला?"

शरयूनं तिला पोटाशी घट्ट धरलं. संध्याकाळच्या आत दोघी साताऱ्याला पोहोचल्या.

चारूला बघून बाबा आनंदानं उठले, पण तिचे हात बघितले आणि थबकले. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी कार्डांची वही पुढं ओढली.

"यातलं एकही गाव पाहिलं नाहीस तू?"

"नाही बाबा. माफ करा मला! फसवलं मी तुम्हाला."

"तू काय फसवणार, पोरी!" म्हातारा आवाज एकदम फुटला. "फसवलं ते मी… तुम्हा दोघींना! भालचंद्राचं पत्र आलं होतं. त्यानं शरयूलाच पसंत केलं होतं. मीच उलट कळवलं, थोरलीला लग्न करायचं नाही, धाकटीचा विचार करा. तुमची आई गेली होती… शरयूही गेली तर या घरात माझं कसं होणार, या भीतीनं मी… मी…"

आठ वर्षं! आपण नापसंत ठरलो, हे शल्य उरात घेऊन काढलेली आठ वर्षं! शरयूच्या डोळ्यांत पाणीसुद्धा येईना.

बाबा तिच्या पायांशी वाकले. ती चटकन मागं सरली.

"नको, बाबा! मला आत्ता काही मागू नका…"

त्यानंतर तिनं त्यांना 'बाबा' म्हणून हाक मारली नाही. वेळेवर जेवण, वेळेवर औषध. पण शब्द नाही. चारू घरात राहिली, शिवणकाम शिकू लागली. बाबांनी कार्डांची वही उघडायचंही सोडून दिलं. तीन महिने ते घर मुकं झालं होतं.

मे महिन्यात, शेजारच्या सुलाबाईंवर बाबांचं जेवण सोपवून, दोघी बहिणी कन्याकुमारीला गेल्या. दोघींचाही पहिलाच लांबचा प्रवास! लाटांत पाय भिजवून आल्यावर शरयू एका टपरीशी थांबली आणि तिनं समुद्राचं एक कार्ड विकत घेतलं.

"मी लिहू?" चारूनं विचारलं.

"नको. हे मी लिहिते."

पेन कितीतरी वेळ कार्डावर अडून राहिलं. डोळे भरून आले… मग तिनं एका दमात लिहून टाकलं.

'तीर्थरूप बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही सुखरूप पोहोचलो. तुम्ही नकाशात तीन समुद्र दाखवायचात. इथं उभं राहिलं की कुठला कुठला ते कळत नाही. औषध चुकवू नका. पुढच्या वर्षी तुम्हाला घेऊन येऊ. तुमची शरयू.'

चारूनं ते दोनदा वाचलं.

"ताई… घेऊन येऊ, हे खरं लिहिलंस?"

"तुझ्यासारखं खोटं लिहायला मला कुठं येतंय, वेडे!" शरयू म्हणाली, आणि त्या परक्या गावी, भर रस्त्यात, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडता रडता हसू लागल्या.