तीन नंबरच्या मशीनवरचं ठिगळ

फोन आला तेव्हा पंचबाई लोखंडी सामानाच्या एका दुकानात काट्यावर पाच किलोचं वजन ठेवत होत्या. काटा चाळीस ग्रॅम खोटं बोलत होता. दुकानदार त्याच्याकडे असा बघत होता, जणू त्यालाही हे आज पहिल्यांदाच कळत होतं.

"पंचबाई, परवाना गेला," पलीकडून चिमणी म्हणाली. "रविवारची स्पर्धा बंद. तुम्ही या ना."

पंचबाईंनी काट्याला सील ठोकलं, दुकानदाराच्या विनवण्या कानाआड केल्या आणि निघाल्या.

सरकारी नोकरीत त्या वजनमापं तपासायच्या. रविवारी मात्र त्या एका गेमिंग क्लबात पंच असत. खोली एक, मशीन चार, आणि गेमही एकच: दोन योद्धे पडद्यावर समोरासमोर उभे राहून एकमेकांना बडवणार. गेम जुना होता, पण त्यापायी चाळिशीची माणसं पोरांसारखी रुसत. पंचबाईंचा निर्णय तिथे शेवटचा. खोटा काटा आणि खोटा माणूस यांचा त्यांना सारखाच राग होता.

क्लबात चिमणी एकटीच बसली होती. चोवीस वर्षांची, अंगानं एवढीशी, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. गेल्या वर्षी तिनं क्लबची स्पर्धा जिंकली होती. तिनं लॅपटॉप पुढे सरकवला.

गेम काढणाऱ्या कंपनीचं पत्र होतं. क्लबात गेमची परस्पर बदललेली प्रत वापरली जाते, अशी तक्रार मंगळवारी आली. पुरावा म्हणून फोटो जोडला होता. तक्रारदाराचं नाव गुप्त. परवाना काढून घेण्यात येत आहे. मात्र ही प्रत मशीनवर कोणी चढवली त्याचं पूर्ण नाव शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कळवलं, तर परवाना परत मिळेल आणि त्या माणसाला कंपनीच्या सगळ्या स्पर्धांत आजन्म बंदी होईल. स्पर्धा चालू असलेल्या जागेतही त्यानं पाऊल ठेवायचं नाही.

"आणि नाही कळवलं तर?"

"तर संपलं. परवाना असलेल्या स्पर्धेतला विजेताच महाअंतिम फेरीला जातो. आणि या वर्षानंतर कंपनी हा गेमच बंद करतेय. पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. अकरा वर्षं खेळतेय मी, पंचबाई."

गुरुवारचे साडेदहा वाजले होते. हातात एक दिवस होता.

पंचबाईंनी फोटो मोठा केला. तीन नंबरचं मशीन. कोपऱ्यातला ओरखडा ओळखीचा होता. पडद्यावर बटणं लावायचं पान उघडलं होतं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक आकडा, बदललेल्या प्रतीची खूण. गेमला लावलेलं हे ठिगळ कोणाचं, ते क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं.

"मंगळवारी क्लब बंद असतो. चाव्या कोणाकडे?"

"चौघांकडे. मास्तर, मिस्त्री, राजा आणि मी."

पंच असूनही चावी आपल्याकडे नाही, हे शल्य पंचबाईंना जुनंच होतं. आज त्यांनी ते गिळलं.

*

मिस्त्री आपल्या दुकानात एका टीव्हीची मागची बाजू उघडून बसले होते.

"माझ्याकडेच येणार तुम्ही, माहीत होतं," ते म्हणाले. "ठिगळ मीच लावलं होतं ना! पाच वर्षं ही कंपनी कुंभकर्णासारखी झोपली होती. दोघांनी एकदम पकड घातली की गेम गोठायचा. पत्रं लिहून हात दुखले आमचे. उत्तर? एक नाही. शेवटी मीच आत हात घातला आणि गेम सुधारला."

"मग कंपनी जागी झाली."

"झाली! जुन्या गेमला बरे दिवस आले म्हटल्यावर आली धावत. म्हणे परवाना घ्या. म्हणे मूळ प्रतच वापरा, गोठली तर गोठली. मी चारही मशीनवरचं ठिगळ काढून टाकलं, चिमणीसमोर."

"पण ठिगळाची प्रत?"

"क्लबच्या कपाटात आहे. फेकायला जीव झाला नाही. कोणीही घेऊ शकतं."

"चढवणं अवघड आहे?"

"छे! दहा मिनिटांचं काम. फक्त चढवली की जुनी बटणं पुसली जातात, ज्याची त्यानं पुन्हा लावायची. आणि माझी खूण त्या बटणांच्या पानावरच दिसते, दुसरीकडे कुठे नाही."

पंचबाईंनी वहीत टिपलं. "तुम्ही खेळता तेव्हा बटणं कशी लावता?"

"लावतच नाही. येतात तशी वापरतो. बसतो उजवीकडे, हरतो आणि घरी जातो." ते हसले, मग एकदम गंभीर झाले. "बाई, माझं भांडण कंपनीशी आहे. पोरीशी नाही."

*

राजाचं खरं नाव वेगळं होतं, पण सहा वर्षं लागोपाठ जिंकल्यावर ते कोण लक्षात ठेवतो? गेल्या वर्षी चिमणीनं त्याला हरवलं. तेव्हापासून क्लबात 'माजी राजा' म्हणायची टूम निघाली होती आणि प्रत्येक वेळी त्याचा चेहरा आंबट होई. कुरिअर कंपनीच्या गोदामात तो खोकी मोजत होता.

"चिमणीबद्दल पोटात दुखतं का तुझ्या?" पंचबाईंनी सरळच विचारलं.

"दुखतं ना. खोटं कशाला बोलू? ती जिंकल्यापासून मला धड झोप नाही." त्यानं खोकं आपटलं. "पण स्पर्धा बंद पडली तर मी तिला हरवणार कुठे? मला माझी गादी परत हवीय, तिची मोडून काय करू?"

पंचबाईंनी फोटो दाखवला. बटणांचे दोन रकाने होते, डाव्या खुर्चीचा आणि उजव्या खुर्चीचा. डावा कोरा होता. उजव्यात जोराच्या लाथेचं बटण करंगळीखालून काढून अंगठ्याखाली घेतलं होतं.

राजाचा रंग उडाला. "अंगठ्यानं लाथ... ही तर माझी पद्धत."

"म्हणूनच आले."

"चिमणीचीही तीच आहे!"

"तुम्हा दोघांचीच?"

"आता खेळतात त्यांच्यात आम्हा दोघांचीच. मास्तरांच्या हाताखाली टिकलेले आम्ही दोघेच ना. पण बाई, मी डावीकडे बसतो. उजव्या खुर्चीत मला उलटंपालटं होतं, साधा ठोसा मारता येत नाही. चिमणीलाही नाही. शिकताना रोज डावीकडेच बसायचो, तीच सवय लागली."

पंचबाईंनी डावी-उजवी एवढंच टिपलं. मग त्यांनी वही मिटली.

*

मास्तर आपल्या टंकलेखनाच्या वर्गात होते. आता तिथे संगणक होते, पण पाटी जुनीच होती. क्लब त्यांनीच सुरू केला होता, एकोणीस वर्षांपूर्वी, स्वतःच्या दोन मशीनवर. तीन वर्षांपूर्वी मनगटाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचं खेळणं सुटलं. उजव्या मनगटावर पट्टा अजून होता.

"कोण असेल, मास्तर?"

"मिस्त्री," ते लगेच म्हणाले. "राग आहे त्याचा कंपनीवर. किंवा राजा. हरलेल्या माणसाचं काही सांगता येत नाही."

"चिमणीला कंपनीनं अधिकृत आयोजक केलं, तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं?"

"मला?" मास्तर हसले. "सगळ्यांत आधी टाळ्या मीच वाजवल्या. विचारा कोणालाही."

हे खरं होतं. पंचबाईंना ती संध्याकाळ आठवत होती. कंपनीची अट अशी की गेल्या दोन वर्षांत नोंद झालेली स्पर्धा खेळलेल्यालाच आयोजक होता येईल. त्यामुळे चिमणीला पत्र आलं. 'हा क्लब उभा केल्याबद्दल आपले आभार,' असं त्यात लिहिलं होतं. पोरीनं ते मोठ्यानं वाचलं आणि बिचारी स्वतःच लाजली. मास्तरांनी खूप टाळ्या वाजवल्या. पंचबाईंनीही वाजवल्या, पण पंच म्हणून तेरा वर्षं शिट्ट्या फुंकून आपल्या नावाची एक ओळही नाही, म्हणून त्यांच्या छातीत जळत होतं.

"बंदी ज्याला होईल तो स्पर्धेच्या दिवशी कधीच क्लबात येऊ शकणार नाही," पंचबाई म्हणाल्या.

मास्तरांनी मनगटाचा पट्टा घट्ट केला. "होऊ दे. करावं तसं भरावं."

*

शुक्रवारी सकाळी दहा वाजता पाचही जण क्लबात जमले. चिमणीच्या पुढ्यात कंपनीचा अर्ज उघडा होता. नावाचा रकाना रिकामा होता.

"मी सांगते ते नीट ऐका," पंचबाई म्हणाल्या. "मधे बोलायचं नाही. नेहमीसारखं."

राजा मधेच बोलणार होता, तो गप्प बसला.

"क्लब बंद असताना कोणीतरी चावीनं आत आलं. कपाटातली ठिगळाची प्रत काढली, तीन नंबरवर चढवली, फोटो काढला आणि कंपनीला पाठवला. म्हणजे चौघांपैकी एक. खूण फक्त बटणांच्या पानावर दिसते, म्हणून फोटो त्या पानाचाच काढावा लागला. इथपर्यंत ठीक?"

मिस्त्रींनी मान हलवली.

"प्रत नवी चढवली की बटणं पुसली जातात. म्हणजे फोटोत जी बटणं लावलेली दिसतात, ती जुनी नाहीत. चोरानंच लावली. आता मला सांगा, फोटो काढायला आलेल्या माणसाला बटणं लावायची गरज काय?"

राजा फोटोवर वाकला.

"काहीच नाही. ती त्यानं सवयीनं लावली. या क्लबात पहिल्या दिवशी हेच शिकवतात: पान उघडलं की आधी बटणं, मग बाकीचं. ते शिक्षण इतकं मुरलंय की चोरी करतानाही हातानं तेच केलं."

"मग माझंच नाव येतं," राजा पुटपुटला. "अंगठ्यावर लाथ."

"नाही येत. बटणं उजव्या खुर्चीची आहेत. तू डावीकडचा, चिमणी डावीकडची. तुला अडकवायचं म्हणून कोणी मुद्दाम लावली असती, तर डावीकडे लावली असती. मिस्त्री उजवीकडे बसतात, पण बटणांना हात लावत नाहीत. अंगठ्यानं लाथ मारणारा आणि उजवीकडे बसणारा, असा माणूस आज क्लबात खेळत नाही. आज खेळत नाही. पण तुम्ही दोघं डावीकडे बसून शिकत होतात, तेव्हा उजव्या खुर्चीत कोण बसायचं?"

चिमणीनं मान वळवली. "मास्तर?"

मास्तर भिंतीकडे बघत होते.

"तीन वर्षं झाली," पंचबाई म्हणाल्या, "म्हणून कोणाला आठवलंच नाही की हा माणूस कधी खेळायचा. कुंपणच शेत खातंय, हे मलाही खरं वाटेना. पण माप खोटं नाही."

"मास्तर, तुम्ही नाही ना?" चिमणी म्हणाली. "सांगा ना त्यांना."

मास्तरांनी मनगटाचा पट्टा सोडला.

"एकोणीस वर्षं," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज आधी शांत होता, मग चढत गेला. "दोन मशीन डोक्यावर उचलून आणली मी. गेमचं नाव कोणाला माहीत नव्हतं तेव्हा एकेकाला धरून शिकवलं. कंपनी झोपली होती तेव्हा हा गेम मी जिवंत ठेवला. आणि ती जागी झाली ते थेट हिचे आभार मानायला! क्लब उभा केल्याबद्दल! हिनं काय उभं केलं? तयार घरात येऊन बसली."

"मी त्यांना लिहिलं होतं, मास्तर. तुमचं नाव घाला म्हणून. अट आड आली."

"तुझ्या शिफारशीवर माझं नाव यायचं?" ते ओरडले. मग एकदम बसले. "मला वाटलं, पोरीला जमत नाही म्हणतील. कोणीतरी मोठं माणूस द्या म्हणतील. मला बोलावतील. बंदीबिंदीचं मला काय माहीत? आणि ती बटणं... फोटोसाठीच गेलो होतो मी. पण खुर्चीत बसलो आणि राहवलं नाही. एक डाव खेळलो. दुखतं मनगट, तरी खेळलो."

मिस्त्रींनी डोळे पुसले आणि ते कोणी पाहिलं का, हेही पाहिलं.

"मास्तर," पंचबाई हळू आवाजात म्हणाल्या, "ते पत्र ऐकताना मलाही झोंबलं होतं. म्हणून तर तुमच्या टाळ्या मला फार मोठ्या वाटल्या. माझ्याही तशाच होत्या."

चिमणीनं लॅपटॉप मिटायला हात उचलला. "नाही लिहायचं मला. नको ती स्पर्धा. मास्तर नसतील त्या खोलीत मी खेळू?"

"मग तुझ्या अकरा वर्षांचं काय?" राजानं विचारलं. "आणि माझ्या?"

सव्वाअकरा झाले होते. मास्तरांनी खिशातून क्लबची चावी काढून टेबलावर ठेवली.

"लिही," ते म्हणाले. "माझ्यामुळे तू हरलीस असं मला नकोय. तेवढं तरी माझ्याकडे राहू दे."

चिमणीनं अर्ज पुन्हा पुढे ओढला. तिनं बोटं अक्षरांवर ठेवली आणि ती तिथेच थबकली. तिनं राजाकडे बघितलं, मिस्त्रींकडे बघितलं. दोघांनीही माना खाली घातल्या. ज्यांनी तिला हा खेळ दिला, त्यांना ती अकरा वर्षं एकाच शब्दानं हाक मारत आली होती.

"मास्तर," ती रडत म्हणाली, "तुमचं पूर्ण नाव काय?"

मास्तरांनी सांगितलं. पहिल्यांदा ते फारच हळू म्हणाले, म्हणून दोनदा सांगावं लागलं.