गुहेतला नवा हात

"माणूस गेला, आता नावही पुसायला निघालेत," संशोधकाची बायको म्हणाली. समोरचा चहा तिने फुंकून फुंकून गार केला आणि तसाच ठेवून दिला. "सवय हो. मागच्या वर्षी त्यांचं अर्धं तोंड लुळं पडलं. तेव्हापासून त्यांचा चहा मीच गार करायचे."

समोर बसलेल्या बहीण-भावांपैकी भावाचे डोळे भरून आले. ताई मात्र कपाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. लोकांची कोडी सोडवणं हा ताईचा धंदा, तिच्यामागून पिशवी धरून हिंडणं हा भावाचा.

आदिमानवाच्या चित्रांच्या गुहेत एक नवा हात सापडला होता. भिंतीवर पंजा टेकवून भोवती लाल रंग उडवलेला. त्याच्याखालीच संशोधक मरून पडलेले. हृदय बंद पडलं होतं. एक हातमोजा काढलेला, बोटाला लाल रंग. हात बनावट आणि बनवणारे तेच, असं संस्थेने ठरवून टाकलं. उभ्या आयुष्याचं काम खोटं ठरणार होतं.

गुहेत कुबट गारठा होता. संशोधकांच्या चमूतल्या छायाचित्रकाराने बोलता बोलता भिंतीवर तळवा टेकला. "मोज्यांचं खूळ म्हाताऱ्याचं. मी कधी घातले नाहीत. रोज शिव्या खायचो."

"अहो, हात!" कानशिलावरचे केस पिकलेला सहायक ओरडला. त्याच्या हातांत रबरी मोजे होते. "सरांनी पहिल्या दिवशी बजावलं होतं, भिंतीला उघडा हात नाही. आता अंगवळणीच पडलंय."

"हा रंग कसा उडवला असेल?" ताईने विचारलं.

"तोंडाने," सहायक म्हणाला. "शिंतोडे बघा. अगदी जुनी पद्धत."

ताईने दिवा जवळ नेला. "मनगटाशी काय दिसतं रे?"

"जाड कडा," भाऊ म्हणाला. "कडं घातलं असेल आदिमानवाने."

"हो, आणि घड्याळही."

संध्याकाळी ताईने सगळ्यांना संशोधकाच्या घरी बसवलं.

"ज्यांना चहावर फुंकर घालता येत नव्हती, त्यांनी तोंडाने भिंतीवर रंग उडवला? शक्य नाही. मनगटाशी दिसते ती रबरी मोज्याची गुंडाळलेली किनार. छायाचित्रकार मोजे घालत नाहीत. खोटेपणा करतानाही ज्याला उघडा हात भिंतीला लावता आला नाही, असा माणूस एकच उरतो."

सहायकाने मान खाली घातली.

"पण सरांच्या बोटाला रंग?" भावाने विचारलं.

"शंका आली, म्हणून जन्मात पहिल्यांदा त्यांनी उघडं बोट लावलं. जुना रंग दगडात मुरलेला असतो, सुटून येत नाही. हा आला."

"गुहा बंद होणार होती," सहायक कसाबसा म्हणाला. "वाटलं, जाता जाता त्यांना एक शोध मिळू दे. दाखवला तेव्हा हसले, अर्ध्या तोंडाने. मग मोजा काढला. बोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कोसळले. मी पळालो."

संशोधकाची बायको त्याच्याकडे वळली.

"उद्या संस्थेत हे सगळं तू सांगायचंस. मी शेजारी उभी राहीन. या वेळी पळू देणार नाही."

त्याने मान डोलावली.

"हसले होते ना, नक्की?"

"हो, वहिनी."

तिने समोरचा कप उचलला आणि हळूच फुंकर घातली. चहा केव्हाच गार झाला होता.