परीक्षितच्या नावाचे थेंब

समर, ते बोट ग्लासातून काढ आधी. काढ म्हणतो ना! पुण्याच्या मावसभावाने शिकवलं असणार तुला. पहिल्या घोटाआधी बोट बुडवायचं, गेलेल्यांच्या नावाने दोन थेंब उडवायचे आणि मग आपण सुरू करायचं. आपल्याकडच्या पिणाऱ्यांची जुनी खोड आहे ती. पण माझ्या घरात नको, आणि अंधार पडल्यावर तर मुळीच नको. वरदा, तो बागेकडचा दरवाजा लावून घे आणि बसा दोघं. का नको ते सांगतो. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो माझ्या ओळखीचा आहे, आणि अजून हिंडतो-फिरतो.

काम अगदी साधं होतं. मागच्या सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी परीक्षित आपल्या मित्राला आणायला ब्रॅकनेल स्टेशनवर निघाला. हा परीक्षित मेडनहेडला राहतो, आयटीत आहे. इतका सरळ माणूस की पार्टीत लोक गाडीच्या किल्ल्या त्याच्या हातात देऊन निर्धास्त व्हायचे. दारूला त्याने जन्मात शिवलं नव्हतं. तो कॉलेजात असताना वडील दारूपायी गेले, तेव्हाच त्याने आईला शब्द दिला होता. बायको कस्तुरी, तिला तेव्हा सातवा महिना लागलेला.

"उद्या रात्री घरी ये म्हणजे झालं," ती दारात म्हणाली. "मी जागी राहीन."

मित्राचं नाव शार्दूल. बाप होण्याआधी एकदा शेवटचं भटकून घेऊ, ही त्याचीच टूम. ससेक्समधल्या द्राक्षांच्या बागा बघायच्या, वाइन चाखायची, समुद्राकाठचे ते पांढरेशुभ्र कडे बघायचे, घाई कसली करायची नाही. चाखायची शार्दूलने आणि गाडी चालवायची परीक्षितने. कॉलेजपासून त्यांच्या मैत्रीची वाटणी अशीच होती.

पहिल्या बागेत ते दुपारी पोचले. उतारावर वेलींच्या रांगा, पक्ष्यांसाठी लावलेल्या जाळ्या, बाहेर लाकडी टेबलं. एक मुलगी ओळीने ग्लास मांडून गेली, शेजारी थुंकायची बादलीही ठेवून गेली. शार्दूलने ती बादली पायाने टेबलाखाली सारली. पैसे दिलेली वाइन थुंकणारा तो नव्हता. मग त्याने ग्लासात बोट बुडवलं.

"हे तुझ्या बाबांना. लाडकी होती ना त्यांची!"

परीक्षितचा चेहरा उतरला. "बाबांचं नाव घ्यायचं नाही, शार्दूल. आय मीन इट."

"अरे, पण कुणाचं तरी नाव लागतं यार. असेच कसे उडवू?"

"मग माझं घे."

लक्षात घ्या, हे तो स्वतः म्हणाला. बापाची अब्रू वाचवायला म्हणाला, पण म्हणाला.

शार्दूलला काय, आयतं कोलीत मिळालं. तो उभा राहिला, आवाज भरून आल्याचं नाटक केलं. "कैलासवासी परीक्षित यांच्या पुण्यस्मरणार्थ!" असं म्हणून त्याने दोन थेंब टेबलाच्या कडेला उडवले. तेवढ्यात जाळीच्या खांबावरून एक कावळा उतरला. सरळ टेबलावर आला, थेंबाला चोच लावली आणि उडून गेला.

"शिवला! कावळा लगेच शिवला रे!" शार्दूल हसून हसून लाल झाला. "साल्या, तुझी एकसुद्धा इच्छा राहिलेली नाही!"

परीक्षितही हसला. हसता हसता त्याच्या जिभेवर काहीतरी आंबट, थंड आलं. तो पाणी प्यायला. चव गेली नाही.

शार्दूलने सहलीसाठी श्वासातली दारू मोजायचं एक छोटं यंत्र ऑनलाइन मागवलं होतं, केवळ परीक्षितला चिडवायला. फुंकायचं आणि आकडा बघायचा. आकडा पस्तिसाच्या वर गेला की गाडीला हात लावायचा नाही, हा इथला कायदा. त्या दुपारी परीक्षितने फुंकलं, शून्य आलं. "मेल्यावरही शून्यच येणार तुझं," शार्दूल म्हणाला.

या शार्दूलला एखादी गंमत सापडली की तो तिचा चोथा होईपर्यंत चावायचा. संध्याकाळी कड्यांवर वारा खाऊन आले, पबमध्ये बसले, तिथेही प्रत्येक ग्लासाला थेंब. रात्री मुक्कामाच्या खोलीत परीक्षितला झोप लागेना. तोंडात वाइन भरल्यासारखी वाटायची, उठून थुंकायला जावं तर नुसती लाळ. आणि छातीत एक गप्पपणा होता. दुखणं नाही, धडधड नाही. त्याला खूप भीती वाटली, पण शार्दूलला उठवून सांगावं तर तो आणखी हसला असता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, कस्तुरीचा मेसेज आला. आज सर्वपित्री अमावस्या, बाबांच्या नावाने पान वाढलंय. तो मेसेज शार्दूलने त्याच्या खांद्यावरून वाचला.

"म्हणजे आज तुझाच सण की रे!"

दुसऱ्या बागेत ते बसले तेव्हा कावळा आधीच टेबलावर येऊन बसला होता.

"काका, तोच कावळा? तो तिकडे कसा आला?"

कसा आला ते मला काय विचारतोस समर, मी बोलावला होता का त्याला? ऐक. परीक्षित हात धुवायला गेला. तिथले नळ हात खाली धरला की आपोआप सुरू होणारे. हा हात धरून उभा आहे आणि पाणी येत नाही. शेजारी एक म्हातारा गोरा आला, त्याने हात धरला, धो धो पाणी. तो गेला. पाणी बंद.

परीक्षित धावत टेबलाशी आला आणि त्याने ते यंत्र उचललं. फुंकलं. यंत्र नुसतं 'ब्लो' म्हणत राहिलं. पुन्हा जीव खाऊन फुंकलं. 'ब्लो'.

"बिघडलं वाटतं," म्हणत शार्दूलने ते हिसकावून फुंकलं. टिक करून आकडा आला. "सेव्हन्टी टू! बहात्तर! डबलच्याही वर! बघ, माझं कसं चालतं."

"शार्दूल, ते परत घे."

"काय परत घेऊ?"

"माझं नाव. प्लीज. म्हण, हा जिवंत आहे."

"उडवलेले थेंब परत कसे घेऊ? टेबल चाटू?" आणि त्याने बोट बुडवून आणखी दोन थेंब उडवले, या वेळी थेट परीक्षितच्या शर्टावर. "मेलेल्या माणसाने एवढं मनाला लावून घेऊ नये, डूड."

त्याला खरंच काही कळलं नव्हतं, एवढंच मी त्याच्या बाजूने म्हणेन. बाकी माणूस निर्दय होता.

जेवणं आटपून ते निघाले तेव्हा चांगलीच रात्र झाली होती. अमावस्येची. थंडी त्या वर्षी लवकर पडलेली. डोंगर ओलांडून मुख्य रस्त्याला लागण्याआधी एक अरुंद वाट आहे, दोन्ही बाजूंनी झाडं वर मिळालेली. दिवा नाही, घर नाही. शार्दूल शेजारच्या सीटवर घोरत होता, पायाशी विकत घेतलेली, अर्धी प्यायलेली बाटली.

समोरची काच धुरकटायला लागली. परीक्षितने पुसायला हात उचलला आणि तसाच ठेवला. काच फक्त शार्दूलच्या बाजूने धुरकटली होती. बरोबर मध्यापर्यंत. पट्टी लावून रेघ मारावी तशी. त्याच्या स्वतःच्या बाजूची काच स्वच्छ होती.

त्याने गाडी कडेला घेतली. काचेजवळ तोंड नेलं. हा... केलं.

काही नाही.

पुन्हा.

काही नाही.

छातीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला...

फोन वाजला. गाडीच्या स्पीकरवर कस्तुरी. "कुठे आहात रे? आज बाळाने इतक्या लाथा मारल्यात ना. हॅलो?"

मी आहे, तो म्हणाला. ओठ हलले. आवाज नाही. आवाजाला श्वास लागतो.

"हॅलो? परीक्षित? आवाज येत नाहीये. नुसतं शार्दूलचं घोरणं ऐकू येतंय." ती हसली. मग थांबली. "परीक्षित... तू आहेस ना तिथे?"

तो ओरडला. गाडीत फक्त घोरणं होतं.

"नेटवर्क नसेल. ये तू. मी जागी आहे."

फोन बंद झाला.

परीक्षित मला म्हणाला, काका, तेव्हा मला शार्दूलचा राग नव्हता. फक्त घरी जायचं होतं. मला बाळाला बघायचं होतं.

तो वाकला. पायाशी पडलेली बाटली घेतली. बूच काढलं. बोट ओलं केलं. आयुष्यात पहिल्यांदा.

दोन थेंब उडवले.

नाव घेतलं. आवाज आला नाही. पण ज्याला ऐकू जायचं होतं, त्याला गेलं.

बाहेर, बॉनेटवर, काहीतरी उतरलं. अंधारात. नखांचा आवाज झाला. कावळा रात्री उडत नाही...

मग परीक्षितच्या बाजूची काच धुरकटली. थोडी. मग आणखी. आणि पलीकडची काच कडेपासून हळूहळू स्वच्छ व्हायला लागली.

घोरणं थांबलं.

शार्दूलचे डोळे उघडे होते. तो परीक्षितकडे बघत होता. ओठ हलत होते. आवाज नव्हता. त्याचा हात आला आणि परीक्षितची बाही धरली. घट्ट.

परीक्षितने ती बोटं एकेक करून सोडवली. हात त्याच्या मांडीवर ठेवून दिला. आणि गाडी सुरू केली.

घरापर्यंत त्याने शेजारी पाहिलं नाही. दारात कस्तुरी उभी होती. तिला पोटाशी धरून तो रडला, आणि मग त्याने अँब्युलन्सला फोन केला. अतिमद्यपान, झोपेत श्वास थांबला, असं ठरलं. कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. डिसेंबरात मुलगी झाली. छान आहे पोर.

तुम्ही दोघांनीही ऐकलं असेल, परीक्षित हल्ली पितो म्हणून. मराठी मंडळात कुजबुजतात. जवळ गेलं की वास येतो. गाडी चालवणं त्याने सोडलंय. आईने फोनवर बोलणं टाकलंय. कस्तुरी घरात बाटल्या शोधते, कपाटांमागे, माळ्यावर, बाळाच्या कपड्यांतसुद्धा. एकही सापडत नाही, म्हणून ती जास्तच रडते.

गेल्या महिन्यात तो माझ्याकडे आला. समर, तू बसलायस त्याच खुर्चीत बसला. सकाळपासून रात्रीपर्यंत माझ्या नजरेसमोर होता, चहा आणि पाण्याखेरीज काही घेतलं नाही. सगळं सांगून झाल्यावर त्याने खिशातून ते यंत्र काढलं. मी नवी बॅटरी घातली. आधी मी फुंकलं. शून्य.

मग त्याने फुंकलं.

बहात्तर.

मी त्याला ठेवून घेतलं. रात्रभर तो इथेच झोपला, मी इथेच जागा बसलो. सकाळी, चूळ भरायच्याही आधी, मी यंत्र त्याच्या ओठांना लावलं.

बहात्तर.