बारा निळ्या पट्ट्या

घराघरांत मिथेनॉलच्या शेगड्या आल्या त्याला चार वर्षं झाली होती. त्यांचे डबे खेडजवळच्या एका कारखान्यात बाया भरत. प्रत्येकीच्या मनगटावर एक पांढरी पट्टी असे. झाडांच्या पानांतून थोडं मिथेनॉल बाहेर पडतं आणि पानांवरचे काही जिवाणू त्यावर जगतात. त्यांचं विकर, म्हणजे एन्झाइम, त्या पट्टीत भरलेलं होतं. मिथेनॉलची वाफ लागली की विकर तिचं ऑक्सिडीकरण करी आणि पट्टी निळी पडे. एक जरी पट्टी निळी झाली तरी यंत्रं बंद करून सगळ्यांनी बाहेर पडायचं, असा नियम होता. कारण हे विष डोळ्यांवर जातं.

पट्टी शोधून काढणाऱ्या डॉ. नीरजा लिमये संक्रांतीला कारखान्यात हळदीकुंकवाला पाहुण्या म्हणून आल्या. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये त्यांनी मोठ्या हौसेनं अकरा जणींना स्वतः हळदीकुंकू लावलं, मनगटाला अत्तर लावलं. दहा मिनिटांत पट्ट्या निळ्या! बाया घाबरल्या. नीरजाताईंना मात्र हसू आलं.

“अहो, या अत्तरात स्पिरिट आहे. माझं विकर भारी अधाशी! मिथेनॉल खातं, तसं त्याचं भावंड असलेलं स्पिरिटही खातं. काही होत नाही.”

भिंतीशी वनिता शिगवण उभी होती. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, तेव्हापासून अशा वेळी ती आपणहून बाजूला होई आणि बाकीच्या तिला होऊ देत. ती हळूच म्हणाली, “माझीपण निळी झालीय.”

“तुझीपण अत्तरानंच,” सुपरवायझर घाग म्हणाला. “चला, कामाला लागा.”

नीरजाताईंनी मान डोलावली. एवढ्या शिकलेल्या बाई, पण ते मनगट कोरडं आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

नवी पट्टी सोमवारी मिळायची होती. तोवर निळ्या पट्टीनिशीच वनिता चार नंबरच्या यंत्रावर डबे भरत राहिली. त्या यंत्राची तोटी झिरपत होती, हे तिसऱ्या दिवशी उघड झालं. तोवर तिला समोरचं माणूस ओळखू येईनासं झालं होतं.

नीरजाताई इस्पितळात आल्या, तेव्हा वनिता आवाजाच्या दिशेनं वळली.

“मी नवी पट्टी करतेय, वनिता. ती स्पिरिटला फसणार नाही.”

“जुनी तरी कुठं फसली होती?”

 नीरजाताईंना स्वतःची चीड आली, आणि ती चीड नेमकी नको तिथं निघाली. “मग तू तेव्हाच का नाही बोललीस?”

“काय बोलणार होते? सणाच्या दिवशी, सगळ्यांदेखत, मला कुणी अत्तर लावलं नाही म्हणून?” वनिताचा आवाज चढला नाही. “अत्तराची बाटली तर तुमच्याच हातात होती ना, मॅडम? कुणाला लावलं नाही, ते तुम्हाला ठाऊक नव्हतं?”