पत्रा ठोकलेली ट्रॉली

दिवे येतील तेव्हा येतील, बसा. आणि मधेमधे मोबाइल काढू नका रे, माझीच गोष्ट मला ऐकू येत नाही. हे आमच्या साडूंच्या बाबतीत घडलंय, म्हणजे बायकोच्या बहिणीचे यजमान. जुन्या गाड्यांची किंमत ठरवून देणं हा त्यांचा धंदा. माणूस असा रुक्ष, की पाळण्यातलं बाळ दाखवलं तर आधी पाळण्याच्या कड्या बघेल.

मागच्या नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. दिवसभर गाड्यांखाली वाकून साडूंच्या कमरेचा पार भुगा झाला होता. जेवायला बसणार तोच भाच्याचा फोन. "मामा, जनावरं वाहायची जुनी ट्रॉली मिळतेय. पहाटे पहिलं भाडं आहे, आत्ताच बघून सांगा ना." पोराने नोकरी सोडून हा धंदा धरलेला. पहिल्याच खेपेला जनावर दगावलं तर पुन्हा त्याला कोण बोलावणार? साडू कुरकुरत त्याच्याबरोबर निघाले.

पोचायला पावणेदहा झाले. विकणाऱ्या बाईचा नवरा उन्हाळ्यात वारलेला. तिने दोघांना मागच्या शेडमध्ये नेलं. "आता ओढायला कोणी नाही," एवढंच म्हणाली. हुकाच्या कुलपाची किल्ली शोधायला ती आणि भाचा घरात गेले.

साडूंनी टायर दाबले, स्प्रिंगचे पाटे पाहिले. सगळं ठीक. मग मागचा फाळका खाली पाडून ते आत चढले. तळ पारखायची त्यांची एक रीत आहे. टाच आपटायची आणि आवाज ऐकायचा. आतल्या कोपऱ्यात फळ्यांवर पत्रा ठोकलेला होता. टाच आपटली, खणखणीत वाजला. खरं तर पत्रा दिसला की खाली झोपून फळ्या बघायच्या असतात, हाताखालच्या माणसांना ते हेच आधी शिकवतात. पण त्या दिवशी कंबर नाही म्हणाली. मनातल्या मनात त्यांनी किंमत ठरवून टाकली.

तेवढ्यात ट्रॉली खाली दबली.

कोणीतरी चढलं होतं. जड. पाटे करकरले.

"आलास का रे?"

...

त्यांनी टॉर्च वळवला. फाळक्यावर कोणी नाही.

टक्. फळीवर पाऊल वाजलं. टक्. टक्. आणि मग... फरफट. पुन्हा टक्, टक्, टक्. पुन्हा फरफट.

जवळ येत होतं. साडूंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बघायची छाती झाली नाही. पाठीवर ऊन श्वास आला. दमलेला. कोणीतरी त्यांना हळूहळू त्या पत्र्यावरून बाजूला रेटत होतं...

कसे उतरले, त्यांना आठवत नाही. उतरले ते थेट ट्रॉलीखाली शिरले, कंबर गेली खड्ड्यात. पत्र्याखालच्या फळीला बोट लावलं, तर चहात बुडवलेल्या बिस्किटात जावं तसं आत गेलं.

भाचा आणि बाई परत आले. "ही नाही घ्यायची," साडू म्हणाले. "इथून जनावराचा पाय खाली जाईल."

बाई फाळक्यावर मटकन बसली. "गेलाय, भाऊ. आमच्याच तांबड्या गाईचा. पाय खाली गेला आणि रस्त्यावर घासत राहिला. ह्यांना पुढे कळलंच नाही. गाय वाचली नाही. मग ह्यांनी वरून पत्रा ठोकला. मला सांगायचं होतं हो, पण जीभच रेटली नाही. ट्रॉली गेली की सुटेन, असं वाटलं."

भाच्याने पहाटेचं भाडं सोडलं.

साडू घरी आले तेव्हा बारा वाजून गेले होते. शर्ट काढून त्यांनी खुर्चीवर टाकला. आमची मेव्हणी म्हणाली, "अहो, कुठल्या गोठ्यात लोळून आलात?"

शर्टाच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत ओला पट्टा होता, गाय वासराला चाटते तसा. त्यावर तांबडे केस चिकटलेले. तिने हात लावून पाहिला.

अजून कोमट होता.