फळीचं दुसरं टोक

दिवा बंदच राहू दे, डास येतात. सप्टेंबरातल्या क्रूझची तिकिटं अर्ध्या किमतीत मिळाली म्हणून तुम्ही दोघं खुशीत आहात, उद्या निघताय, घराची किल्ली ठेवायला आलात. ठेवा की. मी कुणाला अडवणारा माणूस नाही. जेवण तर तिथलं फार छान असतं म्हणतात. किल्ली हातात घेताना हार्लन प्रुएटची आठवण झाली, एवढंच. माझ्या चांगल्या ओळखीचा माणूस. आता तुम्ही म्हणाल, काका सुरू झाले. तर व्हायला नको का? बसा.

हार्लन त्या शनिवारी घराबाहेर पडला तो बोट लागू नये म्हणून गोळ्या आणायला. गोळ्या त्याला नको होत्या, त्याचं आयुष्य कोळंबीच्या बोटीवर गेलेलं. पण त्याच्या बायकोला, व्हर्लीनला, बाथटबात बसूनही गरगरायचं, आणि क्रूझची हौस तिलाच. रविवारी इथून गॅल्व्हस्टनहून निघायचं, मेक्सिकोची दोन बंदरं बघायची, शुक्रवारी परत. वादळांचे दिवस, त्यामुळे भाव पडलेले. तुमच्या तिकिटांसारखेच.

तेव्हा हार्लन बेटाच्या पश्चिमेला राहायचा, लाटा अडवणारी सीवॉलची भिंत संपल्यावर पुढे. खांबांवर उभी लाकडी घरं, समुद्राकडून पहिलं हार्लनचं आणि त्याच्या मागचं क्लोव्हिस गिड्रीचं. क्लोव्हिस त्याचा जुना बोटीवरचा जोडीदार. बायको गेलेली, मूलबाळ नाही, आणि काचबिंदूनं डोळे जवळजवळ गेलेले. समोर माणूस आला की त्याला एक सावली दिसायची, बाकीचं तो आवाजावरून ओळखायचा. हार्लनच्या उजव्या हाताचं मधलं बोट बोटीवरच्या दोराच्या चक्रात अर्धं तुटलं होतं, तेव्हा त्याला ओढून सोडवणारा क्लोव्हिसच. तेव्हापासून तो हार्लनला नावानं हाक मारत नसे. 'साडेनऊ' म्हणायचा.

वादळाआधी खिडक्यांवर प्लायवूड एकट्यानं लागत नाही, हे काही तुम्हाला सांगायला नको. एकानं फळीचं टोक दाबून धरायचं, दुसऱ्यानं स्क्रू पिळायचे. हे दोघं वर्षानुवर्षं तेच करत आले होते. जुन्या फळ्या घराखाली जपून ठेवायच्या, कोणती कुठल्या खिडकीची ते रंगानं लिहून. ज्याचं घर समुद्राजवळ त्याचं आधी, म्हणजे पहिलं नेहमी हार्लनचं. मग क्लोव्हिसचं. मग दोघांनी हार्लनच्या ट्रकमध्ये बसायचं आणि पूल ओलांडून आत निघून जायचं. डोळे गेल्यावरही ड्रिल क्लोव्हिसच चालवायचा. जुनी भोकं बोटानं चाचपायचा आणि अचूक स्क्रू बसवायचा. हार्लन नुसता धरून उभा राहायचा आणि कुरकुर करायचा.

तर गोळ्या घेऊन येताना हार्लनला क्लोव्हिस ओट्यावर बसलेला दिसला. खरं तर त्याला मागच्या गल्लीनं जायचं होतं.

"साडेनऊ, चोरासारखा काय चाललास," क्लोव्हिस म्हणाला. "रेडिओवर सांगत होते, क्यूबाच्या खाली काहीतरी घोंगावतंय."

"घोंगावू दे. फ्लोरिडाला जाईल."

"आणि नाही गेलं तर?"

इथे हार्लन खरं बोलू शकला असता. क्लोव्हिस काही रागावणारा माणूस नव्हता. आजच मला बसनं आत सोड म्हणाला असता, फार तर दोन शिव्या दिल्या असत्या. पण हार्लनला तेवढीही किरकिर नको होती.

"टेटला सांगून ठेवलंय मी," तो म्हणाला. "वादळ इकडे वळलं तर टेट येईल. दोन्ही घरांच्या फळ्या लावेल, तुला घेऊन जाईल."

टेट म्हणजे हार्लनचा भाचा, पुलापलीकडे राहायचा. ख्रिसमसच्या जेवणात दोघांचं जे वाजलं, त्यानंतर मामा-भाच्यात शब्द नव्हता. हार्लननं त्याला काही सांगितलं नव्हतं. संध्याकाळी फोन करू, असं त्यानं त्याच क्षणी मनात ठरवलं, आणि मनात ठरवलं म्हणजे खोटं अर्धं खरं होतं, अशी स्वतःची समजूतही घातली.

क्लोव्हिसचा चेहरा मात्र उजळला. "टेटशी बोललास? बरं केलंस रे. मला वाईट वाटायचं. जा मग, मजा कर. माझ्या वाटचा एक पेग घे."

संध्याकाळी बॅगा भरायच्या होत्या. फोन राहिला.

जहाजावर त्यांना मिळाली होती सगळ्यात स्वस्तातली खोली. जहाजाच्या पोटात, बिनखिडकीची. दिवा मालवला की रात्र आणि दुपार एकच. पण वर ऊन होतं, बँड होता, आणि पोपटांची चित्रं असलेला एक शर्ट हार्लननं विकत घेऊन अंगात घातला होता. बुधवारी जेवणाच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, वादळानं फ्लोरिडाला पाठ दाखवली, टेक्सासकडे वळलं. हार्लननं बशीत आणखी एक पाव घेतला.

गुरुवारी दुपारी कप्तानानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की गॅल्व्हस्टनचं बंदर बंद झालंय, जहाज दक्षिणेकडेच थांबेल, दोन-तीन दिवस जास्तीचे, आणि तोवर पिणं जहाजाच्या खर्चानं. डेकवर टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. हार्लननंही वाजवल्या.

मग व्हर्लीनला बहिणीला फोटो पाठवायचे होते म्हणून त्यांनी इंटरनेटचे पैसे भरले, आणि हार्लनच्या फोनवर क्लोव्हिसचा आवाज येऊन पडला.

"साडेनऊ, मी बोलतोय. वळलं बरं का इकडे. टेट अजून आलेला नाही. गावाची बस आली होती सकाळी, गाडी नसलेल्यांना न्यायला. मी म्हटलं, जा तुम्ही, माझा माणूस येतोय. तुझ्या फळ्या घराखालून काढून ठेवल्यात मी, चाचपून चाचपून. घाई नाही. फक्त टेटला एकदा फोन लाव."

आता सांगा, काय अवघड होतं? टेटला फोन लावायचा. नाहीतर बेटावरच्या पोलिसांना. या घरात एक आंधळा माणूस आहे, त्याला उचला. पण पोलीस विचारणार, तुम्ही कोण, तो थांबलाय कुणासाठी. बायको शेजारी उभी. तिलाही टेटबद्दलचं ते खोटं माहीत नव्हतं. हार्लन तिला म्हणाला, डोकं जड झालंय, जरा पडतो, उठल्यावर एक फोन करायचाय. आणि खाली खोलीत जाऊन आडवा झाला.

त्या गुरुवारची, सप्टेंबरातल्या दुसऱ्या गुरुवारची ती संध्याकाळ. इकडे बेटावर वारा सुटला होता. तिकडे समुद्र तव्यासारखा सपाट.

हार्लनला जाग आली ती आवाजानं.

घर्र... घर्र...

ड्रिलचा आवाज. त्याला वाटलं, शेजारच्या खोलीत काही दुरुस्ती चाललीय. मग लक्षात आलं, या भिंतीपलीकडे खोली नाही. पलीकडे नुसता लोखंडी पत्रा.

घर्र...

"धर की नीट," भिंतीतून आवाज आला. "डुलक्या काढतोस होय?"

हार्लन घाबरला नाही, हे लक्षात घ्या. इतकी वर्षं हीच कामं केलेली. अर्धवट झोपेत तो उठला, अंधारात भिंतीपाशी गेला आणि सवयीनं दोन्ही तळवे टेकले. तळव्यांखाली लाकूड होतं. खरबरीत, मिठानं फुगलेलं, ओळखीचं. स्वयंपाकघराच्या खिडकीची फळी. तिचा एक कोपरा कुत्र्यानं कुरतडलेला, तोही हाताला लागला.

फळीचं वजन खांद्यावर आलं. स्क्रू बसला. वजन हललं, पुढच्या खिडकीवर गेलं. न्हाणीघराची. मग जिन्यावरची. हार्लन अंधारात भिंतीला चिकटून एकेक धरत गेला आणि त्याला बरं वाटत होतं. खूप बरं. वाटत होतं, मी आहे की तिथं. कोण म्हणतं मी नाही?

शेवटची फळी बसली. ड्रिल थांबलं.

"झालं तुझं," आवाज म्हणाला. दमलेला होता. "चल, आता माझ्याकडे."

थोडा वेळ काही नाही. मग वजन आलं. या वेळी जास्त. वारा फळीला मागून ढकलत होता. हार्लननं अंगाचा भार टाकला. पायाखालचा गालिचा ओला लागला. गुडघ्यापर्यंत गार झालं...

"घट्ट धर, साडेनऊ. एकच बाजू बसलीय."

हार्लन आता जागा होता. पूर्ण जागा.

तेवढ्यात दार उघडलं. बाहेरचा उजेड आत पडला. व्हर्लीन. निळा झगा, लिपस्टिक.

"भिंतीला काय ढकलतोयस? अरे, आज लॉबस्टर आहे. रांग लागलीय वर."

भिंत नुसती भिंत होती. पिवळट, गुळगुळीत. पण तळव्यांखाली लाकूड. आणि वजन.

"हार्लन?"

"टोक सोडू नकोस." भिंतीतून. अगदी जवळून. "साडेनऊ... सोडू नकोस रे."

हार्लननं बायकोकडं पाहिलं.

मग भिंतीकडं.

मग हात खाली घेतले.

खर्र... असं काहीतरी घसरत गेलं. खाली, खूप खाली. मग काही नाही.

"येतो," हार्लन म्हणाला. "शर्ट बदलतो."

त्यानं दोन लॉबस्टर खाल्ले. फोन त्यानं रात्री लावला. तोवर बेटावरचे टॉवर पडले होते.

जहाज सोमवारी बंदराला लागलं. बंदरावर लावून ठेवलेला ट्रक शाबूत होता. पश्चिमेचा रस्ता वाळूनं भरलेला, कितीतरी घरांच्या जागी नुसते खांब. आणि त्यात हार्लनचं घर उभं होतं. खिडकीन् खिडकी फळ्यांनी बंद, एक काच तडकलेली नाही. व्हर्लीन रडायलाच लागली. म्हणाली, भांडण विसरून टेटनंच केलं वाटतं, देव त्याचं भलं करो.

रस्त्यात ओडेसाबाई टार्व्हर उभ्या होत्या, त्याच गल्लीतल्या. हातात तुटकी खुर्ची. हार्लनला ट्रकमधून उतरताना पाहून त्या नुसत्या बघत राहिल्या. त्याच्या उन्हानं रापलेल्या तोंडाकडं. पोपटांच्या शर्टाकडं.

"क्लोव्हिस कुठंय?" हार्लननं विचारलं.

"ते मी तुला विचारायचं," ओडेसाबाई म्हणाल्या. "तुझ्याबरोबर होता ना तो?"

"मी जहाजावर होतो."

"मला शिकवू नकोस, हार्लन. गुरुवारी संध्याकाळी बस शेवटची फेरी मारायला आली. मी आत बसलेले. ड्रायव्हर म्हणाला, त्या आंधळ्या म्हाताऱ्याला पुन्हा विचारू का? मी खिडकीतून बघितलं. तुझ्या घरापाशी तुम्ही दोघं. तो ड्रिल घेऊन, आणि तू फळी धरून उभा. पाठमोरा. हात वर. तो हात मी ओळखत नाही होय?"

हार्लननं उजवा हात खिशात घातला.

"मी ड्रायव्हरला म्हटलं, थांबू नको. हार्लन आलाय. तो नेईल त्याला."

व्हर्लीननं नवऱ्याकडं पाहिलं, आणि तिची मान हळूहळू दुसरीकडं वळली. त्यानंतर तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

क्लोव्हिस त्याच्या ओट्याच्या मोडक्या लाकडांखाली सापडला. ड्रिल हातात होतं. त्याच्या घराच्या खिडक्या सताड उघड्या, घर आतून धुऊन निघालेलं. फक्त पहिल्या खिडकीवर एक फळी लटकत होती. उजव्या बाजूचे स्क्रू एका ओळीत, घट्ट बसलेले. डावी बाजू मोकळी. आणि त्या मोकळ्या टोकावर एका हाताचा ओला ठसा. मधलं बोट अर्धं. वरपासून खालपर्यंत ओढलेला. सुटत गेलेल्या हाताचा असतो तसा.

हार्लननं तो ब्लीचनं घासला. रंग दिला, रंगातून तो वर आला. शेवटी घर विकून तो ओक्लाहोमात गेला, समुद्रापासून लांब. एकटाच गेला. ओडेसाबाईंनी ती फळी कुणाला टाकू दिली नाही, आणि त्या वारल्यावर ती माझ्याकडे आली.

खालीच आहे, गाडीकडे जाताना उजव्या खांबाला टेकवलेली दिसेल. ऑगस्टात जमीन तडकली तरी तो ठसा वाळत नाही. बोट लावून जिभेवर ठेवलंत तर खारट लागतं. आणि दर सप्टेंबरात तो थोडा खाली सरकतो. आधी मला वाटायचं, म्हातारपणाचा भास. म्हणून मी पेन्सिलीनं खुणा करायला लागलो.

आज सकाळी पाहिलं. तळवा फळीच्या काठाखाली गेलाय.

आता नुसती बोटांची टोकं उरलीत... ओली.