सुई शिरेना

दिवा जरा इकडे सरकव गं, आणि मध्ये बोलू नकोस. मला कानानं कमी ऐकू येतं, पण घाबरलेलं माणूस बरोबर कळतं.

मी प्रयोगशाळेत बाटल्या धुते. हाडाचे काप करणाऱ्याला आम्ही भाऊ म्हणायचो. हाड असं सुरीनं कापलं जात नाही. पातळ ॲसिडात बुडवून ठेवायचं, चुना निघाला की मऊ पडतं. मग सुई टोचून बघायची. अलगद शिरली की कागदाहून पातळ काप काढून काचेवर ठेवायचा.

एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी जबड्याचा तुकडा आणला. कुणा बाईचा, खाणीच्या पाण्यात सापडलेला. "जिवंतपणी मोडला की मेल्यावर, ते कापात दिसेल," म्हणाल्या.

पुढचा दात तिरका होता. मला कुठं गप्प बसवतं?

"काय रे भाऊ, हा तर आमच्या वहिनीचा दात. माहेरी गेली म्हणालास, वाटेत टाकून गेली काय?"

"तोंड आवर, म्हातारे."

बाईंची पाठ वळली तशी त्यानं तो तुकडा बरणीत टाकून वर जालीम ॲसिड ओतलं. हाडाचा लगदा झाला तर बघायला उरतंय काय? माझे डोळे चुरचुरायला लागले. हाड तळाशी फसफसत राहिलं... दुपारपर्यंत.

मग त्यानं सुई टोचली. वाकली. दुसरी मोडली. आणि भाऊनं स्वतःचा गाल धरला.

"दाढ दुखतेय होय रे?"

"हलतेय..." म्हणाला, आणि तळहातावर तीन दात थुंकला.

त्यानं हातोडा उचलला. हाड ओट्यावर ठेवून घाव घातला. हाडावर ओरखडाही नाही. कट्ट आवाज आला तो भाऊच्या तोंडातनं. जबडा एका अंगाला लोंबला.

"अरे ठेव तो..."

ऐकतोय कुठला. रक्त गळत होतं, घशातनं घरघर येत होती, तरी मारतच सुटला. कोसळला तेव्हा मी हनुवटीला हात लावला. भिजवलेल्या कणकेसारखी होती. दवाखान्यात नेईस्तोवर संपला.

पुढं काप बाईंनीच काढले. सुई आता अलगद शिरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक काढला. दोन्ही काप भिंगाच्या यंत्राखाली आलटून पालटून बघितले.

"मावशी, मोडलेली जागा जुळत आलीय."

"म्हणजे जिवंतपणीच मोडला की."

"तसं नाही... कालच्यापेक्षा आज जास्त जुळलीय."

उरलेला तुकडा बरणीत घालून बाईंनी कपाटात ठेवला. परवा धूळ पुसायला गेले, तर दातांभोवती हिरडी आलेली. गुलाबी, ओली.

जीभ तेवढी यायची राहिलीय.